परतून येणारा ताप

(उपदेशक, बायबल-स्त्रिया व मंडळ्यांतील अभ्यासवर्ग यांजसाठी पाठ)

वाचन : लूक ४:३८-३९; योहान ४:४६-५३; योहान ९:१-७; २ राजे ५:१-१४.



लूक हा वैद्य होता हे आपणांस ठाऊक आहे. म्हणूनच की काय, शिमोनाच्या सासूच्या दुखण्याविषयी लिहिताना तो नुसता ताप म्हणून थांबत नाही. तो ताप फार मोठा होता असे मुद्दाम नमूद करितो. त्याच कफर्णहूम गावी राजाच्या एका अंमलदाराचा मुलगा तापाने मरणोन्मुख झाला होता, आणि बापाने वाटेत विचारिले तेव्हा ताप कोणत्या ताशी उतरला हे चाकरांना तत्काळ सांगता आले. ते ताप कोणत्या जातीचे होते हे शास्त्रात लिहिलेले नाही. तरी कृष्णाकाठी किंवा कोयनाकाठी ज्यांच्या घरात हिवताप येऊन गेला आहे, त्यांना त्या चाकरांचे नवल वाटणार नाही. हिवतापाच्या बिछान्याशी बसणारा मनुष्य तास मोजतोच. आज दुपारी हुडहुडी भरली, उद्या मनुष्य उठून बसला, परवा त्याच सुमारास पुन्हा दात वाजू लागले. दिवसाआड येणाऱ्या ह्या तापास वाडवडील एकांतरा म्हणत, आणि फार दिवस राहिला की पोटात डाव्या बाजूस पानथरी वाढते, हेही ते जाणत.

हा ताप घड्याळ लाविल्यासारखा का येतो, आणि पुरता गेला असे वाटल्यावर कित्येक महिन्यांनी परतून का येतो, ह्या दोन गोष्टी ह्या पाठात समजून घ्यावयाच्या आहेत. दुसरी गोष्ट न समजल्यामुळे माझ्या मंडळीतील एक घर जवळजवळ आमच्यापासून तुटले होते, आणि त्यात दोष माझा होता. म्हणून ती हकिकत आधी सांगतो.

२०१८ सालच्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील एक तरुण, जो मुंबईस बांधकामावर कामास होता, तापाने फणफणत गावी आला. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्या बोटाचे रक्त काचपट्टीवर घेऊन तपासले, तो हिवताप निघाला. त्यास तीन दिवसांच्या एका जातीच्या आणि चौदा दिवसांच्या दुसऱ्या जातीच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढच्या रविवारी त्याच्या आईने उपकाराचे दान म्हणून कोंबडा आणिला, मी त्या घराच्या वतीने उपकारस्तुति केली, आणि सर्व मंडळीने आमेन म्हटले. गोळ्या किती राहिल्या आहेत हे मी विचारिले नाही. देवाने बरे केल्यावर औषध घेत बसणे म्हणजे अविश्वास, असे त्या माउलीस वाटले. माझ्या प्रार्थनेत औषधाचे नावही नव्हते, तेव्हा तिला तसे वाटले ह्यात नवल काय? गोळ्यांचे पाकीट कोनाड्यात राहिले.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात ताप परतला. मुलगा मध्यंतरी मुंबईस गेला नव्हता, आणि त्या थंडीत घरात डासही फारसे नव्हते. शेजारपाजारचे लोक म्हणू लागले की, ह्यांनी गावदेवीला पाठ दाखविली, तिने हिशेब पुरा केला. आई चार दिवस ऐकत राहिली. पाचव्या रात्री ती गुपचूप दुसऱ्या गावच्या देवऋष्याकडे गेली आणि अंगारा घेऊन आली. गावात गुपित किती वेळ राहते? मंडळीच्या पंचांपैकी दोघांनी मागणी केली की, नाताळच्या दिवशी तिला प्रभुभोजनास बसू देऊ नये. मी तिच्या घरी गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पाळकसाहेब, लेकराचं अंग थरथरताना बघवंना मला. कुणाकडं जाऊ?"

त्याच संध्याकाळी आमचा तरुण उपदेशक मला एकीकडे घेऊन म्हणाला, "साहेब, प्रभूने बरे केले असे आपण मंडळीपुढे बोललो. मग प्रभूने दिलेले परत घेतले काय?" ह्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. ग्रीक भाषेची क्रियापदे मला येत होती, परंतु माझ्याच मंडळीच्या रक्तात काय चालते हे मला येत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी एका डॉक्टर बंधूकडे गेलो. त्यांनी मला सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे बसविले आणि दोन तास शिकविले. जे शिकलो ते आता आपणांपुढे ठेवितो.

हिवतापाचा जंतू एका पेशीचा आहे. त्याचे नाव प्लास्मोडियम. माणसास पीडा देणाऱ्या त्याच्या पाच जाती गणितात. आपल्या देशात बहुतेक ताप दोन जातींचा असतो, व्हायवॅक्स व फॅल्सिपेरम. त्या तरुणाच्या रक्तात व्हायवॅक्स होता. हा जंतू पाण्यातून येत नाही, हवेतून येत नाही, नजरेतून येत नाही. त्यास ॲनाफेलीस जातीच्या डासाची मादीच आणिते. नर डास फुलापानांच्या रसावर राहतो. मादीला अंडी घालण्यासाठी रक्त लागते. भिंतीवर ती बसली की शेपटाकडची बाजू वर उचललेली असते, जणू कोणी तिरपा खिळा ठोकिला आहे. तिची हिंडण्याची वेळ रात्रीची.

दंश करिताना मादी आधी आपली लाळ सोडिते, म्हणजे रक्त गोठत नाही. त्या लाळेबरोबर सुतासारखे बारीक असे थोडे जंतू कातडीत उतरतात. ते रक्तवाहिनीत शिरतात व तासाभराच्या आत यकृतात, म्हणजे आपण ज्यास काळीज म्हणतो त्यात, जाऊन पोहोचतात. तेथे गंमत अशी की, पहिल्याच पेशीत ते मुक्काम करीत नाहीत. एका पेशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे आरपार जाऊन मग एकीत घर करितात. सुमारे आठवडाभरात त्या एकाचे हजारो होतात. ह्या आठवड्यात मनुष्यास काहीही कळत नाही. तो शेतात जातो, भजनास बसतो, आणि त्याच्या काळजात सैन्य वाढत असते.

मग ती पेशी फुटते व हजारो बारीक जंतू रक्तात उतरतात. आता ते तांबड्या पेशींच्या मागे लागतात. मोहरीच्या दाण्याएवढ्या रक्तात ह्या पेशी सुमारे ५० लाख असतात, तेव्हा शिकारीस तोटा नाही. जंतू पेशीस चिकटतो, आपले टोक तिच्याकडे वळवितो, आणि एका मिनिटाच्या आत तिच्या पोटात शिरतो. तो भिंत फोडून शिरत नाही. भिंत फोडिली तर पेशीच मरावयाची. पेशीचे कातडे आत दाबीत, त्याचीच खोळ आपल्याभोवती ओढून घेत तो आत जातो. गोधडीत लहान मूल शिरते तसा. व्हायवॅक्सला ह्या कामी पेशीच्या अंगावर डफी नावाची एक कडी धरावयास लागते. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर ती कडीच नसते, म्हणून तिकडे व्हायवॅक्सचा ताप फार थोडा.

ह्याच पेशीत शिरण्यात त्याचा मोठा लाभ आहे. शरीराच्या इतर पेशींत शत्रू शिरला की त्या आपल्या दारावर त्याची खूण टांगितात, आणि रक्तातील पहारेकरी ती पाहून धावून येतात. परंतु तांबडी पेशी मोठी होताना आपला गर्भ, म्हणजे केंद्र, टाकून देते व निव्वळ प्राणवायू वाहण्याची पिशवी बनते. तशी खूण टांगण्याची सोय तिच्यात राहत नाही. ज्या घरातून हाक बाहेर ऐकू जात नाही ते घर चोराने निवडावे, तसे हे. आत बसून तो पेशीतील तांबडे द्रव्य खातो. त्या द्रव्यातील लोहाचा भाग त्यास विषासमान असतो, म्हणून तो त्याचे तपकिरी कण बनवून बाजूस टाकितो. यंत्रातून मी ते कण पाहिले. चुलीतील राखेत एखादी ठिणगी विझून राहावी तसे ते दिसत होते.

आता घड्याळाचा उलगडा. पेशीत शिरल्यापासून ४८ तासांत व्हायवॅक्सच्या एका जंतूचे दीडएक डझन होतात, आणि पुष्कळ पेशी जवळजवळ एकाच वेळी फुटतात. फुटताना त्यांतील घाण रक्तात पडते. तेव्हा हुडहुडी भरते, मग अंग तापते, मग दरदरून घाम सुटतो. नवे जंतू नव्या पेशींत शिरले की मनुष्यास आराम वाटतो. पुन्हा ४८ तासांनी तोच प्रकार. म्हणून एकांतरा. मलेरी नावाच्या दुसऱ्या एका जातीस ७२ तास लागतात, तिचा ताप दोन दिवस सोडून येतो.

उपदेशक बंधूंनी येथे जरा थांबावे. ह्याचा अर्थ असा होतो की, हिवतापाचा मनुष्य औषधावाचूनही प्रत्येक पाळीनंतर बरा दिसतो. ज्याने त्या वेळी अंगारा लाविला त्यास वाटते अंगाऱ्याने उतरला. ज्याने दोरा बांधिला त्यास वाटते दोऱ्याने. आणि आम्ही जर त्याच घटकेस डोक्यावर हात ठेवून साक्षीची घाई केली, तर आमची साक्ष आणि देवऋष्याचा अंगारा एकाच घामावर उभे राहतात. परवा ताप पुन्हा येतो तेव्हा लोक कोणास हसतील? देवाचे नाव अशा उसन्या पुराव्यावर टांगू नये.

दुसरा उलगडा यकृतात आहे. यकृतात शिरलेले व्हायवॅक्सचे सर्वच जंतू लगेच वाढू लागत नाहीत. काही जंतू आपापल्या पेशीत शिरून निजतात. वाढत नाहीत, फुटत नाहीत, मनुष्यास त्यांचा काडीचा त्रास होत नाही. रक्त तपासले तर काचपट्टीवर ते दिसणे शक्यच नाही, कारण ते रक्तात नसतात. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्षाच्या सुमारास त्यांपैकी एखादा जागा होतो आणि पुन्हा हजारो जंतू रक्तात सोडितो. नवा डास चावावा लागत नाही. ऑगस्टात मुंबईहून आलेला ताप डिसेंबरात कृष्णाकाठी परतला तो ह्याच रीतीने. तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातील जंतू मेले होते. ताप उतरला तो खराच उतरला होता, आणि त्याबद्दल केलेली उपकारस्तुतीही खोटी नव्हती. पण निजलेल्यांना मारण्याचे काम चौदा दिवसांच्या दुसऱ्या गोळीचे होते, आणि त्यांपैकी नऊ दिवसांच्या गोळ्या कोनाड्यात होत्या.

ही विद्या माणसास एकदम प्राप्त झाली नाही. १८८० साली लाव्हरान नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टराने अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हे जंतू प्रथम पाहिले. ते तेथे येतात कसे हे १७ वर्षे कोणास सिद्ध करिता आले नाही. मिरजेस १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचे इस्पितळ उघडिले, त्या वेळीही डासाचा हा धंदा उघड झालेला नव्हता. पुढे १८९७ च्या ऑगस्टात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी ॲनाफेलीसच्या पोटाच्या भिंतीवर ह्या जंतूंच्या गाठी पाहिल्या. त्या कामी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याने स्वतःचे रक्त डासांस पिऊ दिले, आणि दर डासामागे त्यास एक आणा मिळाला. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाचे आणे किती झाले असतील ते झाले. पुढल्या वर्षी, १८९८ साली, कलकत्त्यास पाखरांवर प्रयोग करून रॉस यांनी दाखविले की, गाठी फुटल्यावर जंतू डासाच्या लाळेच्या पिंडात जातात. म्हणजे डास हा नुसता हमाल नव्हे. जंतूंचे नर-मादी डासाच्या पोटातच मिळतात; तेथे जंतू तयार होण्यास उबदार हवेत दहा-बारा दिवस लागतात, आणि थंडीत त्याहून अधिक.

तरी एक कोडे राहिले. डास चावल्यापासून रक्तात जंतू दिसेपर्यंतचे दिवस ते असतात कोठे? ह्याचे उत्तर १९४८ साली मिळाले. हिंदुस्थानात पुष्कळ वर्षे वैद्यकीय नोकरी केलेले शॉर्ट आणि त्यांचे सहकारी गार्नहॅम यांनी लंडनमध्ये माकडाच्या यकृतात वाढणारे जंतू दाखविले. आणि निजलेला जंतू प्रत्यक्ष डोळ्यांनी ओळखला गेला तो १९८० च्या सुमारास, म्हणजे लाव्हरानच्या नंतर शंभर वर्षांनी. शंभर वर्षे मोठमोठ्या पंडितांना जो सापडला नाही, तो आमच्या गावच्या एका आईस ठाऊक नव्हता म्हणून तिला प्रभूच्या मेजावरून उठवावे काय, हा प्रश्न मी नंतर पंचांपुढे ठेविला. त्याकडे पुढे येतो.

शेतकरी वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. दुसऱ्याच्या पेशीत दडून राहण्याची ही युक्ती एकट्या हिवतापाच्या जंतूची नव्हे. बिहार व बंगालकडील काळा आजार ज्याने होतो तो जंतू वाळूमाशीबरोबर येतो, आणि जंतूंना खाऊन टाकणाऱ्या पांढऱ्या पेशींच्याच पोटात सुखाने राहतो. आपल्या संकरित गाईंना जो गोचीड ताप होतो, त्यातला थायलेरिया जंतू गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीलाच भराभर वाढावयास लावितो, म्हणजे पेशीबरोबर आपोआप जंतूही वाढतो. मानेजवळच्या व खांद्यापुढच्या गाठी सुजतात त्या त्यामुळे. गोचीड आठ पायांची, कीटकांत तिची गणना नाही, परंतु धंदा तोच.

आता आपल्या मुलखाविषयी. सांगली जिल्हा १९४९ साली सातारा जिल्ह्यातून निराळा झाला, तेव्हा त्यास दक्षिण सातारा म्हणत. त्या काळातील आजीआजोबा अद्याप कोणाच्या घरी असतील तर त्यांना विचारा; भिंतींवर पांढरी फवारणी झाली आणि हिवतापाच्या खात्याचा मनुष्य दारावर तारीख लिहून जाई, हे त्यांना आठवेल. त्याआधी औषध म्हणजे क्विनीन. ज्या सिंकोना झाडाच्या सालीतून ते काढितात, त्याची लागवड सरकारने एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरी लिंगमळ्यास करून पाहिली होती, पण तिला यश आले नाही. पुढे १९४६ साली डॉ. विश्वनाथन यांनी मुंबई इलाख्याच्या धारवाड व कारवार भागांत घराघरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारून खेड्यांतील हिवताप उतरवून दाखविला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरसाल सुमारे ७ कोटी ५० लाख लोक ह्या तापाने आजारी पडत आणि ८ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम निघाली, १९५८ साली तिने समूळ उच्चाटनाचा पण केला, आणि १९६५ च्या सुमारास रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. मग आपण सारे निर्धास्त झालो. डासांनाही औषध पचू लागले. १९७६ साली देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण मोजले गेले. देशाचे झाले तेच त्या घराचे झाले: ताप उतरला आणि पाकीट कोनाड्यात गेले.

आज सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांत हिवताप पूर्वीसारखा राहिलेला नाही. महाराष्ट्रात त्याचा जोर गडचिरोलीच्या रानात आणि मुंबई शहरात अधिक. पण आपली अर्धी मुले मुंबईस असतात आणि जत्रेला, नाताळला, लग्नसराईला घरी येतात. ऊसतोडीच्या हंगामात दूरदूरच्या तालुक्यांतून माणसे येऊन शेताच्या बांधावर कोप्या घालून राहतात. त्यांच्या अंगात निजलेला जंतू असेल तर तो जागा झाल्यावर पसरण्यास येथील पाट, चाऱ्या, झिरपणारे कालवे आणि ॲनाफेलीस हे सारे तयारच आहे. खेड्यांत हा ताप पसरविणारी जी मुख्य जात आहे, ती गुरांच्या रक्तावर अधिक राहते आणि दिवसा गोठ्यात बसते. ज्या घरात गोठा व माजघर एकाच आढ्याखाली आहे, तेथे तिला फार लांब जावे लागत नाही. कोपीत राहणारे लोक आपल्या मंडळीचे नसले तरी त्यांचा ताप तो आपला ताप आहे, हे निदान डास तरी मानितो.

आता त्या घराकडे परत येतो. पंच जमले तेव्हा मी आधी माझा अपराध कबूल केला: आपण उपकारस्तुति केली ती खरी, परंतु औषधही देवाच्या हातचे आहे हे मी सांगितले नाही. मग योहानाचा नववा अध्याय वाचिला. जन्मांधाकडे पाहून शिष्यांनी विचारिले की, पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी. प्रभूने दोन्ही नाकारिले. आमचे शेजारी देवीचा कोप म्हणत होते, आणि आमच्यातले काही हळूच म्हणत होते की, मुलगा मुंबईत रविवार पाळीत नव्हता त्याची ही शिक्षा. शब्द निराळे, पण विचार एकच. अनुवादाच्या पुस्तकात शापांमध्ये ताप गणिला आहे, असे एका वडील बंधूने काढिले. ते खरे आहे. परंतु तो शाप एका राष्ट्राने करार मोडण्याविषयी आहे. आमच्या गल्लीतील अमक्याच्या मुलास ताप का आला हे ठरविण्याचा अधिकार त्या वचनाने कोणाला दिलेला नाही. शिमोनाच्या सासूस ताप कशामुळे आला, हे प्रभूने विचारिलेसुद्धा नाही.

मग आम्ही नामानाची गोष्ट वाचिली. हा कुष्ठी सेनापती रागावला होता, कारण अलीशाने बाहेर येऊन हात हालवून त्यास बरे केले नाही, तर यार्देनेत सात वेळा बुडी मारावयास सांगितले. मी पंचांना विचारिले, सहाव्या बुडीनंतर त्याचे अंग कसे होते? शास्त्र सांगते की, सात बुड्या पुऱ्या झाल्यावर त्याचे मांस लहान मुलासारखे झाले. समजा, तिसऱ्या बुडीस कातडी जरा बरी वाटली म्हणून तो स्तुतिगीत गात घरी निघून गेला असता, तर? जो वडील बंधू सर्वांत कडक होता तो हसला, आणि म्हणाला, "मग अकरा बुड्या कमी पडल्या म्हणायचं आपल्या पोरानं." त्याचा हिशेब चुकला होता, नऊ कमी पडल्या होत्या. पण त्या हसण्यात मामला मिटला. नाताळच्या दिवशी ती माउली प्रभुभोजनास बसली. अंगाऱ्याविषयी तिला कोणी विचारिले नाही. तिने तो आपणहून ओढ्यात टाकिला होता, हे मला पुढे कळले.

मुलाचे रक्त पुन्हा तपासून औषध नव्याने सुरू झाले. ह्या औषधाविषयी उपदेशकांनी काही गोष्टी नीट ध्यानात ठेवाव्या, कारण येथे चुकीचा सल्ला जिवावर बेतेल. चौदा दिवसांच्या त्या गोळीचे नाव प्रायमाक्वीन. ती गरोदर स्त्रीस व तान्ह्या मुलास देत नाहीत. काही थोड्या माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे एक संरक्षक द्रव्य जन्मतःच कमी असते, आणि ह्या गोळीने त्यांच्या पेशी फुटू लागतात. म्हणून ही गोळी चालू असता लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली, डोळे पिवळे पडले किंवा धाप लागू लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. तसे काही नसेल तर चौदा म्हणजे चौदा. एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत. उपाशीपोटी घेतल्यास पोटात दुखते, म्हणून भाकरीनंतर घ्याव्या.

फॅल्सिपेरम जातीची रीत निराळी. ती यकृतात निजून राहत नाही, परंतु तिने ग्रासलेल्या पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, आणि मनुष्य एकदोन दिवसांत बेशुद्ध होऊन दगावू शकतो. कोणता ताप कोणत्या जातीचा हे कपाळाला हात लावून कळत नाही. म्हणून थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त द्यावे. आशाताई गावातच असते, आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी व औषध फुकट आहे. प्रार्थना करावयाची ती वाटेत करता येते. मी स्वतः आता तसेच करितो. रुग्ण फटफटीवर मागे बसलेला असतो आणि माझे डोळे उघडे असतात, प्रभु तेवढे चालवून घेईल.

पाण्याविषयी थोडक्यात. उबेच्या दिवसांत डासाच्या अंड्याचा डास होण्यास आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, डेरे, गुरांची दगडी पात्रे व टाक्या रित्या करून, घासून वाळू द्याव्या. आमच्या मंडळीत ह्यासाठी शनिवार ठरला आहे, रविवारच्या झाडलोटीबरोबर ते होऊन जाते. जे पाणी काढिता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावे. रात्री मच्छरदाणी वापरावी, आणि जो तापाने आजारी आहे तो तर तीत असावाच, कारण त्याचे रक्त पिऊनच पुढचा डास बिघडतो.

त्या घराच्या भिंतीवर, जेथे पूर्वी खात्याच्या माणसांच्या तारखा असत, तेथे आमच्या तरुण उपदेशकाने कोळशाने चौदा उभ्या रेघा मारिल्या. दररोज रात्री जेवणानंतर मुलगा गोळी घेई, आई एका रेघेवर आडवी रेघ ओढी, आणि मग घरची प्रार्थना होई. उपकारस्तुति आम्ही पंधराव्या दिवशी केली. पुढच्या वर्षी, २०१९ च्या पावसाळ्यात, तो मुंबईस कामावर परत गेला. जाताना आईने त्याच्या पेटीत मच्छरदाणी घातली. त्यानंतर आजवर त्यास तो ताप आलेला नाही.

अभ्यासवर्ग चालविणाऱ्यांनी ह्या पाठाच्या दिवशी २ राजे, अध्याय ५, वचने १ ते १४ मोठ्याने वाचून घ्यावी. वाचून झाल्यावर वर्गात हे विचारावे की, आपल्या गावात गेल्या वर्षभरात थंडीताप कोणास आला होता आणि त्यांच्या कोनाड्यात काय आहे. पाकिटे सापडली तर त्या गोळ्या कोणास खाऊ घालू नयेत. पाकीट व मनुष्य दोघांसही आरोग्य केंद्रात घेऊन जावे.